रत्नागिरी फिरायची तर आधी भरतीची वेळ बघा (घरच्या माणसाचा रिव्ह्यू)

दर मे महिन्यात आमच्याकडे पाहुण्यांची रांग लागते आणि गाव दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडतं, त्यामुळे रत्नागिरीचा रिव्ह्यू लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतेय. बाकी लोक काय करतात, मुंबईकडून आले की निवळी फाट्यावरून वळून थेट गणपतीपुळे, आणि परत जाताना दुपारी दोनच्या उन्हात दोन तास रत्नागिरी "करतात". मग म्हणतात काही विशेष नाही हो तुमच्याकडे. अहो, दुपारी दोनला इथली कुत्री पण सावली सोडत नाहीत!

यंदा पुण्याची मावशी, काका आणि त्यांची कॉलेजातली मुलगी होती. सकाळी सहाला सगळ्यांना उठवून मिरकरवाडा बंदरावर नेलं. काका कुरकुरले, सुट्टीत सहाला कोण उठतं वगैरे, पण होड्या लागत होत्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, लिलावाचा आरडाओरडा, वर घारी, आणि पायाखाली सगळा चिकचिकाट. वास येतो, खोटं कशाला बोला. मावशीने एका मासेवालीला विचारलं हे फ्रेश आहे का, तर ती बाई काही बोललीच नाही, नुसता बांगड्याचा कल्ला उचलून लालभडक आतलं दाखवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मावशीने गुपचूप दोन वाटे घेतले. चांगली चप्पल घालून जाऊ नका, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर नांगरलेल्या होड्या बघून परत याल. पाचपैकी पाच.

तिथून रत्नदुर्ग जवळच. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंनी समुद्र, आत भगवती देवीचं देऊळ. ऊन चढायच्या आत वर पोचायचं, तटावरून बंदरातल्या रंगीत होड्या आणि पांढरा समुद्र दिसतो (आमच्याकडे वाळूच्या रंगावरून काळा समुद्र आणि पांढरा समुद्र असंच म्हणतात, मांडवीचा तो काळा). एक तक्रार आहे, सेल्फीसाठी लोक तटाच्या कडेवर चढतात, खाली सरळ खडक आहेत. चार.

थिबा पॅलेसला मात्र नुसते फोटो काढून निघू नका. ब्रह्मदेशाचा हा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला इकडे आणून ठेवला तो शेवटपर्यंत इथेच. पॅलेस तयार झाला १९१० च्या सुमारास आणि राजा गेला १९१६ ला, म्हणजे तीसेक वर्षांतली जेमतेम सहा वर्षं तो या वाड्यात राहिला. लाकडी अर्धगोल खिडक्या बघताना माझी मावसबहीण एकदम म्हणाली, ताई, कैद्याला एवढा मोठा वाडा? म्हटलं हो, पण गाव सोडायची परवानगी नव्हती ना. ती बराच वेळ मग तिथेच उभी होती. सोमवारी संग्रहालय बंद असतं, लक्षात ठेवा. थिबा पॉइंट वेगळा, तिथे संध्याकाळी जायचं, खाली काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी पूर्ण दिसते. दोन्ही मिळून साडेचार.

पतितपावन मंदिर आणि टिळकांचं जन्मस्थान गावातच आहे, अर्ध्या पाऊण तासात दोन्ही होतात, शाळेच्या सहलीला सगळ्यांनी बघितलेलं असतं म्हणून आम्ही लोक टाळतो, पण पाहुण्यांना न्यावं.

जेवणाचं सांगते आणि नाव घेत नाही. एका हॉटेलात काकांनी हट्टाने सुरमई थाळी मागवली. सुरमई ठीक होती पण सोलकढी आली ती गुलाबी सरबतासारखी, आगळाचा (म्हणजे कोकमाच्या रसाचा) आंबटपणा कुठे नाही, नारळाचं दूध तर नावाला. कोकणात हॉटेल ओळखायचं असेल तर आधी सोलकढी मागवा आणि एक घोट घेऊनच पुढची ऑर्डर द्या, हा माझा नियम आहे आणि त्या दिवशी काकांच्या भुकेपुढे तो चालला नाही. रात्री घरी आईने सकाळचे बांगडे तळले तेव्हा काका एकदम गप्प.

आणि मांडवी. माझी सगळ्यात लाडकी जागा. जेट्टीवर संध्याकाळी अख्खं गाव येतं, भेळ, कणीस, आजोबा लोकांचे ठरलेले कट्टे. ओहोटीला काळी वाळू लांबपर्यंत उघडी पडते आणि ओल्या वाळूत सूर्य उतरतो. त्यासाठी वेळ काढायची आजोबांची रीत म्हणजे तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल ती साधारण भरतीची वेळ. मी कॅलेंडर बघितलं, चतुर्दशी, चौदाचे पाऊणपट साडेदहा, ही भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी म्हणजे पावणेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी, चला! मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना हा हिशोब समजावून पण सांगितला. पाचला पोचलो तर पाणी चढलेलं. मावशी म्हणाली तू म्हणतेस तर आता उतरेलच, चप्पल वाळूत काढून पाय भिजवायला गेली, आम्ही भेळवाल्याकडे, आणि मागे वळून बघतो तर मावशी एक चप्पल हातात घेऊन दुसरीच्या मागे साडी सावरत धावतेय. घरी येऊन कॅलेंडर परत बघितलं. मी शेजारचा रकाना वाचला होता. त्या दिवशी सप्तमी होती, सव्वापाच, म्हणजे बरोब्बर भर भरतीला मी तिला पाण्यात उतरवलं.

दुसऱ्या दिवशी भाट्याचं सुरूचं बन आणि आरे-वारे केलं. आरे-वारेचा घाटातून दिसणारा नजारा पाच, पण तिथे पोहायला उतरू नका, पाणी फसवं आहे.

मांडवीला साडेचार. अर्धा मार्क मावशीने कापायला लावलाय, चपलेचा.