पिळायची फिल्टर बाटली: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

एक लिटरची मऊ बाटली आणि तिच्या तोंडाशी 0.1 मायक्रॉन छिद्रांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोकळ तंतूंचा फिल्टर. बाटली पिळायची, गाळलेलं पाणी तोंडात किंवा दुसऱ्या बाटलीत घ्यायचं. गडावरची टाकी, पावसाळी ओढे, पायथ्याच्या गावांतल्या विहिरी, सगळीकडे भर पावसापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ही वापरून झाली आहे. आधी निकाल सांगतो: पैसे वसूल. फक्त खोक्यावरचा ‘इतके लिटर गाळेल’ हा आकडा बघून घेतलीत तर पस्तावाल. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बरंवाईट या जातीच्या जवळजवळ सगळ्या बाटल्यांना लागू आहे.

लिटरचं बघू. काटाडिन कंपनीची बीफ्री ही अशीच बाटली 1000 लिटर सांगते, लाइफस्ट्रॉची चोखायची नळी 4000 लिटर. आकडे खोटे नाहीत, पण ते बऱ्यापैकी नितळ पाण्याचे आहेत. जुलैतल्या ओढ्याला ते लागू नाहीत. चिकणमातीचा कण म्हणजे व्याख्येनेच 2 मायक्रॉनपेक्षा बारीक. फिल्टरचं छिद्र त्याहून बारीक असल्यामुळे तो कण आत जात नाही, तंतूच्या बाहेरच्या अंगावर लेप होऊन बसतो. आत शेकडो पोकळ तंतू दुमडून त्यांची टोकं राळेत पक्की केलेली असतात आणि पाणी तंतूच्या भिंतीतून बाहेरून आत झिरपतं. म्हणजे गाळणारी जागा ती भिंतच, आणि लेपही तिथेच. सह्याद्रीत फिल्टर लिटर संपून मरत नाही, गाळाने गुदमरून मरतो. त्यामुळे घेताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: हा उलट्या दिशेने धुता येतो का?

काही फिल्टर नुसते पाण्यात हलवून धुवायचे असतात. नितळ पाण्यावर तेवढं पुरतं. लाल किंवा काळ्या मातीच्या गढूळ पाण्यावर पुरत नाही, धार दर वेळी थोडी थोडी कमीच होत जाते. ज्याला स्वच्छ बाजूने सिरिंज लावून उलटं पाणी मारता येतं, तो घ्या. 60 मिलीची सिरिंज साधारण दहा वेळा जोरात मारायची, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं. हळूहळू ढकललं तर पाणी सोप्या वाटेने निघून जातं आणि लेप तसाच राहतो, झटका हवा. मध्ये फिल्टर तळहातावर दोन-चारदा आपटायचा आणि बाहेर येणारं पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत चालू ठेवायचं. यासाठी पाणी गाळलेलं किंवा उकळून गार केलेलंच हवं. टाक्यातलं कच्चं पाणी स्वच्छ बाजूने भरलंत तर फिल्टर आतून घाण झाला, आणि ती घाण पुढच्या घोटाबरोबर बाहेर येते. नळाच्या तोटीला फिल्टर थेट लावायचाही मोह होतो. पूर्ण दाबाचं पाणी तंतूंना झेपेलच असं नाही, तेव्हा तो टाळलेला बरा.

हे काम त्याच संध्याकाळी करायचं. गाळ आत वाळला की निम्मा प्रवाह गेलाच समजा.

नवी बाटली घरी आली की एक मोजमाप करून ठेवा. अर्धा लिटर नळाचं पाणी भरा, बाटली उलटी धरा आणि न दाबता ते किती सेकंदांत उतरतं ते बघून बाटलीवरच मार्करने लिहा. पुढे वेळ दुप्पट झाली की उलटं धुवायचं. धुऊन आणि व्हिनेगरमध्ये भिजवूनही (ते खाली येतंय) तिप्पट वेळ लागत असेल तर नवा फिल्टर. ‘हल्ली जरा हळू येतंय’ या अंदाजावर राहिलं की माणूस जोर लावून पिळत राहतो आणि शेवटी पिशवी फाटते.

गाळ फिल्टरपर्यंत पोहोचूच न देणं हा त्याहून मोठा उपाय, आणि तो जवळजवळ फुकट आहे. पाणी आधी भांड्यात किंवा घडीच्या पिशवीत घ्या, अर्धा तास हलवू नका, मग वरचं पाणी कापडातून बाटलीत ओता. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती हवं. नव्या कापडाची वीण सुटी सुटी असते. जुन्या कापडाचे धागे पिंजून भोकं बारीक झालेली असतात. बांगलादेशातल्या गावांमध्ये जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावून केलेला एक अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. नुसतं कापड पुरेसं आहे असा याचा अर्थ नाही, पण फिल्टरच्या आधी जुन्या नऊवारीचा चार पदरी तुकडा जे करतो ते कंपनीच्या वेगळ्या विकत मिळणाऱ्या जाळीलाही जमत नाही. पाणी चहासारखं लाल असेल तर तुरटी. दोन लिटरला खडा सात-आठ वेळा फिरवायचा, कण एकमेकांना धरून खाली बसतात, मग वरचं नितळ पाणी अलगद काढायचं. तळातला साका बाटलीत आला तर केलेलं सगळं वाया.

पाणी कुठून घ्यायचं याला बाटलीइतकंच महत्त्व आहे. गडावर दहा टाकी असतात, त्यातलं पिण्याचं एखादंच, आणि ते कोणतं हे पायथ्याच्या वाडीत विचारल्याशिवाय कळत नाही. खांबटाकं (कातळात आत कोरलेलं, खांबांवर छत असलेलं टाकं) असेल तर ते आधी बघा: आत ऊन पोहोचत नाही, म्हणून शेवाळ कमी. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालतात. तिथून प्यायचं पाणी भरू नये, हे सांगायला लागू नये. टाक्यात बाटली बुडवताना पृष्ठभागावरचा तवंग हाताने बाजूला करून वीतभर खालून भरायची आणि तळ ढवळायचा नाही. आठ-दहा जणांचा गट असेल तर सगळ्यांनी पायऱ्यांवर उतरण्याऐवजी एकानेच भरावं.

आता ही बाटली काय अडवत नाही ते. कारण जाहिरातीत ‘99.9 टक्के जंतू’ एवढंच असतं आणि ते वाक्य फार ढिलं आहे.

ई. कोलाय हा जिवाणू साधारण 2 मायक्रॉन लांब आणि अर्धा मायक्रॉन जाड, अडतो. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब करणारे एकपेशी परजीवी त्याहून कितीतरी मोठे, अडतात. विषाणू मात्र नाही. कावीळ करणारे ए आणि ई हे दोन्ही विषाणू 0.03 मायक्रॉनच्या आसपासचे, 0.1 मायक्रॉनच्या छिद्रातून आरामात जातात. अमेरिका-युरोपातले ट्रेकर जंगलातल्या झऱ्याचं पाणी पितात, तिथे माणसाची विष्ठा पाण्यात जायचा संभव कमी, म्हणून तिथल्या परीक्षणांत हा मुद्दा तळटीपेत असतो. आपल्याकडे शनिवार-रविवारी गडावर शेकडो माणसं मुक्कामाला आणि टाक्याच्या वरच्याच उतारावर आडोसा शोधलेला. इथे तो मुद्दा पहिल्या ओळीत पाहिजे. उपाय सोपा आहे: आधी गाळा, मग क्लोरीनची गोळी किंवा थेंब, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, आणि किमान 30 मिनिटं थांबा. क्रम उलटा नको. गढूळ पाण्यातली माती आणि पालापाचोळाच क्लोरीन खाऊन टाकतो. दोन्ही का लागतात? क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला जुमानत नाही, त्याला फिल्टर अडवतो. विषाणू फिल्टरला जुमानत नाही, त्याला क्लोरीन मारतं. गोळीचं माप मात्र नीट वाचा. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या काही गोळ्या बादलीभर किंवा घागरभर पाण्यासाठी असतात, त्यातली एक लिटरभर पाण्यात टाकायची नाही. स्टोव्ह असेल तर एक मिनिट खळखळून उकळी पुरते. तीन मिनिटांचा नियम 2000 मीटरच्या वर लागतो आणि आपलं कळसूबाईच 1646 मीटरचं.

लेप्टोबद्दल, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाबद्दल, कोकणातल्यांनी ध्यानात ठेवावं. हा जंतू लांब, पिळदार आणि जेमतेम 0.1 मायक्रॉन जाड. प्रयोगशाळेत त्याला बाकीच्या जंतूंतून वेगळा काढायला 0.22 मायक्रॉनचा फिल्टर वापरतात, कारण बाकीचे अडकतात आणि हा निसटतो. तेव्हा 0.2 मायक्रॉनच्या बाटलीवर त्याच्यासाठी विसंबू नका. तसा तो बहुतेक वेळा पायाच्या जखमेतूनच शिरतो. भातखाचरातून चालत आलेल्याने बाटलीपेक्षा पायांकडे आधी बघावं.

विरघळलेलं काहीच हा फिल्टर काढत नाही: क्षार, खत, कीटकनाशक. म्हणून शेताच्या खालच्या अंगाचा ओढा सोडून द्यायचा. एप्रिल-मेमध्ये टाक्यावर हिरव्या रंगाची साय धरलेली दिसली तर तेही पाणी सोडा, कारण त्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष गाळून जात नाही आणि उकळून तर नाहीच नाही.

खोक्यावरचे नऊ मोजायची सवय लावा. 99.9 टक्के म्हणजे दहा लाख जिवाणूंतले हजार शिल्लक, 99.9999 म्हणजे एक. अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेची 1987 ची कसोटी जिवाणूंसाठी सहा नऊ, विषाणूंसाठी चार आणि जिआर्डियासारख्यांसाठी तीन नऊ मागते. यातलं काय कशासाठी आहे हे जो विक्रेता वेगवेगळं सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

विषाणूंसकट सगळं एका भांड्यात हवं असेल तर दाबून गाळणारी बाटली आहे, ग्रेलची जिओप्रेस. एका दाबात 710 मिली, नव्या काडतुसाला (आतला बदलता येणारा फिल्टर) आठेक सेकंद. वजन साधारण 450 ग्रॅम, म्हणजे पिळायच्या बाटलीच्या पाच-सात पट. काडतूस 350 दाबांचं, सुमारे 250 लिटर. दाबायला 25 सेकंदांवर वेळ लागू लागला की बदलायचं. ती सपाट कातळावर ठेवून अंगाचा भार टाकून दाबावी लागते आणि गढूळ पाण्यात तीही लवकर घट्ट होते. पुणे-मुंबईच्या बाहेर बसस्टँडच्या, धर्मशाळेच्या नळावर प्यायचं असेल तर ती उत्तम. गटाचा स्वयंपाक करायचा असेल तर मी ती नेणार नाही. बाटलीच्या आत नळी असलेला प्रकार एकट्याने चालता चालता चोखायला ठीक, पण त्यातून पातेलं कसं भरणार?

पिळायच्या बाटलीत खरं बिघडतं ते पिशवीचं तोंड. फिल्टर तुंबलेला असताना दोन्ही हातांनी मधोमध आवळलं की मानेजवळचा जोड उलतो. तळाकडून गुंडाळत आणायचं आणि जोर लागतोय असं वाटलं की थांबून फिल्टर धुवायचा. सुटी पिशवी मिळते का ते फिल्टर घेतानाच बघा. सॉयरच्या फिल्टरचा आटा 28 मिलिमीटरच्या शीतपेयाच्या बाटलीला बसतो, त्यामुळे पिशवी गेली तरी काम भागतं. पाण्याच्या पातळ प्लास्टिकच्या बाटल्यांची मान आखूड असते, त्या बसल्यासारख्या वाटतात आणि गळतात. बीफ्रीचा आटा 42 मिलिमीटरचा, त्याला पर्याय कमी. आट्यातला रबरी वॉशर धुताना निसटतो आणि मग न गाळलेलं पाणी बाजूने ओघळून थेट पेल्यात उतरतं, तेव्हा एक जास्तीचा वॉशर जवळ असू द्या. वॉशर जागेवर असला तरी बाटली भरल्यावर मान कोरड्या फडक्याने पुसायची, कारण आट्यात अडकलेले थेंबही कच्च्याच पाण्याचे असतात. भरलेली पिशवी उघड्यावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका. माकडांना ती खाऊची वाटते.

पाणी अजिबात येईना तर फिल्टर गेला असं लगेच समजू नका. बऱ्याचदा हवा अडलेली असते. ओल्या तंतूंतून हवा जात नाही, म्हणून वर अडकलेला बुडबुडा पाणी रोखून धरतो. बाटली आडवी-उभी करून पाणी फिल्टरपर्यंत आणा आणि हलकं दाबा.

याच गुणाचा उपयोग करून तंतू शाबूत आहेत का हे तपासता येतं. फिल्टर पूर्ण भिजवा, घाणीकडची बाजू पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि स्वच्छ बाजूने फुंका. अडकून राहिलेल्या हवेचे एक-दोन बुडबुडे येतील, ते सोडा. बुडबुड्यांची धार लागली तर तंतू तुटला, फिल्टर कचऱ्यात. हिमालयात जाणाऱ्यांनी हे नक्की करावं. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठाला वगैरे रात्री तंबूत फिल्टर गोठला की आतलं पाणी प्रसरण पावून तंतू चिरतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. उलट धार वाढल्यासारखी वाटते आणि माणूस खूश होतो. तिकडे फिल्टर पिशवीत बांधून स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाशी.

महिनाभर वापर नसेल तर: उलटं धुणं, मग लिटरभर स्वच्छ पाण्यात साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे दोन थेंब टाकून ते पाणी फिल्टरमधून सोडणं, मग सावलीत झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवणं. साबण आत घालायचा नाही, उकळतं पाणीही नाही. बोअरचं जड पाणी गाळलं असेल तर वाळल्यावर क्षार छिद्रांत धरतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून भरपूर धुतलं की बरीचशी धार परत येते. व्हिनेगर आणि ब्लीच एका दिवशी एकापाठोपाठ वापरू नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. आणि पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री फिल्टर तासभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडा फिल्टर पहिलं अर्धा लिटर रडतरखडत देतो.