हाताचे सिग्नल बघायचेत? श्रूझबरी की सेव्हर्न व्हॅली

बर्मिंगहॅमच्या आसपास राहणारे किंवा सुट्टीत मुलाकडे-मुलीकडे आलेले आपले रेल्वेवेडे लोक हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच, की एकच दिवस मोकळा आहे, जुने हाताचे सिग्नल (सेमाफोर, म्हणजे खांबावरच्या हलत्या पट्टीने ड्रायव्हरला थांब किंवा जा सांगणारे) डोळे भरून बघायचेत, तर चालू लाईनवर श्रूझबरीला जावं का हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे हौशी लोकांनी जपलेल्या जुन्या वाफेच्या लाईनवर, सेव्हर्न व्हॅलीला. मी दोन्हीकडे गेलोय, आणि आता कोणाला घेऊन जायचं असलं की एकाच ठिकाणी नेतो. होम, स्टार्टर, डिस्टंट हे सिग्नलचे प्रकार म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. तिकिटं, पार्किंग वगैरे ज्याचं त्याने बघावं.

आधी घाईचा मुद्दा, कारण श्रूझबरीच्या बाजूने सगळ्यात जोरात हाच मांडला जातो, आणि तो खोटा नाहीये. इंग्लंडात हे सिग्नल झपाट्याने गेलेत. २०११ मध्ये तिथले रूळ आणि सिग्नल सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलने ठरवलं की सिग्नल चालवायच्या आठशेहून जास्त केबिनी हळूहळू बंद करायच्या आणि सगळं नियंत्रण डझनभर मोठ्या केंद्रांत न्यायचं. तेव्हापासून एकेक भाग संपतच चाललाय. २०१६ च्या उन्हाळ्यात बॅनबरी गेलं, २०१७-१८ च्या हिवाळ्यात ब्लॅकपूल नॉर्थची लाईन, २०१८ ला हल शहराकडचा भाग, २०२० च्या सुरुवातीला नॉर्विचहून यार्मथ आणि लोस्टॉफ्टला जाणाऱ्या लाईनी, आणि २०२४ मध्ये कॉर्नवॉलमधलं ट्रुरो, पार, लॉस्टविथिएल. कारणं समजण्यासारखी आहेत, दर काही मैलांवर एक केबिन आणि तिच्यात पाळीपाळीने माणसं, शिवाय ऊन पडलं की केबिनपासून सिग्नलपर्यंत गेलेली तार लांबते आणि थंडी पडली की आखडते, मग केबिनमधून तिचा ताण सारखा करत बसा, खांबावर चढून देखभाल करा. एलईडीच्या दिव्याला यातलं काही लागत नाही. २०१३ मध्ये २६ केबिनींना वारसा इमारतीचा दर्जा दिला खरा, पण त्याने इमारत वाचते, हात वाचत नाहीत. तेव्हा जे लोक म्हणतात की चालू लाईनवरचे आधी बघून घ्या, हेरिटेजवाले कुठे पळून जातायत, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आणि श्रूझबरी आहेच तशी जागा. सेव्हर्न ब्रिज जंक्शनची केबिन १९०३ ची, एलएनडब्ल्यूआर (लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे) कंपनीने बांधलेली, १८० लिव्हरची, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट हलवायच्या १८० दांड्यांची. वापरात असलेली एवढी मोठी मेकॅनिकल केबिन जगात दुसरी नाही. त्यातले बरेच लिव्हर आता नुसतेच उभे आहेत, तरी फलाटाच्या दक्षिण टोकाला जाऊन तिच्याकडे बघितलं की तिची उंची अंगावर येते. फलाट थेट सेव्हर्न नदीवर गेलेत, एका बाजूला वर जुना तुरुंग, आणि त्या सगळ्यात जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पद्धतीचे, गाडीला जा सांगताना खाली पडणारे हात, एका खांबावर एक, कुठे दोन-तीन. क्रू, चेस्टर, हेरफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन आणि वेल्सकडच्या लाईनी इथे येऊन मिळतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने कुठला ना कुठला हात हलतोच. नुसती संख्या बघितली तर सेव्हर्न व्हॅली इथे साफ हरते. फोटोवाल्यांना तर प्रश्नच नाही, सिग्नल आणि मागे नवी कोरी गाडी असा फोटो हेरिटेजवर मिळणारच नाही.

पण माझं मन तिथे का लागलं नाही ते सांगतो. डिझेल गाड्यांचा आवाज. श्रूझबरीच्या फलाटांना बहुतेक वेळ कुठली तरी डिझेल गाडी इंजिन चालू ठेवून उभी असतेच. कोणाला दिशा बदलून जायचंय, कोणाला जोडायचंय, कोणाचा ड्रायव्हर बदलायचाय. एक गेली की दुसरी. ती घरघर छताखाली घुमत राहते, आणि तुम्ही तिकडे टोकाला उभे राहून हात पडताना बघता, पण तो पडतो मुका. टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघितल्यासारखं वाटतं. हात पडला, हो पडला, पण तो पडण्याआधी काय काय झालं ते काहीच कळलं नाही. पहिल्यांदा वाटलं आज गर्दीचा दिवस असेल. नंतर रविवारी सकाळी गेलो, आडवारी दुपारी गेलो, थोडंफार कमी-जास्त, पण घरघर आहेच. तुम्हाला कदाचित त्याचं काही वाटणार नाही, माझ्याबरोबर आलेल्या एका मित्राला तर तो आवाज ऐकूच आला नव्हता असं तो म्हणतो. मला मात्र त्यानंतर दुसरं काही ऐकूच येईना.

आता म्हणाल सिग्नल काय ऐकायची गोष्ट आहे का, तर माझ्या मते आहे, निम्म्याहून जास्त ऐकायचीच आहे. हात हा त्या सगळ्या यंत्राचं शेवटचं टोक. त्याच्या आधी घंटी वाजते, मग पॉइंटचा (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याचा) लिव्हर, मग त्याचं लॉक, मग सिग्नलचा लिव्हर, मग तार पुलींवरून धावते, मग कुठे तो हात खाली येतो. आणि क्रम चुकवायचा म्हटलं तरी चुकवता येत नाही, इंटरलॉकिंग, म्हणजे लिव्हर एकमेकांत अडकवणारी यंत्रणा, चुकीचा लिव्हर हलूच देत नाही. हे सगळं मनात ठेवून नुसता हात बघणं आणि एकामागून एक ऐकत ऐकत हातापर्यंत पोचणं यात फार फरक आहे.

सेव्हर्न व्हॅलीवर हे जमतं, आणि सगळ्यात छान जमतं ते आर्लीला. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ ही सोळा मैलांची लाईन, त्यात आर्ली हे मधलं छोटं स्टेशन. एकेरी लाईन, इथे गाड्यांचं क्रॉसिंग होतं, दोन फलाट, केबिन समोरच दिसते. बहुतेक प्रवासी इथे न उतरता पुढे हायली-ब्रिजनॉर्थला जातात, म्हणून गाडी गेली की स्टेशन एकदम रिकामं होतं. तेव्हा बाकावर बसायचं आणि वाट बघायची. केबिनमधून एक टोला ऐकू येतो, म्हणजे शेजारच्या केबिनने लक्ष दे म्हणून हाक मारली. इकडून एक टोला जातो. मग तीन आणि एक, साधी पॅसेंजर गाडी घेतोस का. टोकनच्या, म्हणजे एकेरी लाईनवर जायच्या परवान्याच्या, यंत्राची खटखट. त्यानंतर लिव्हरचा खटका सुटल्याचा आवाज आणि लगेच लिव्हर बसल्याचा जड आवाज, मग रुळाच्या कडेने तार खर्रकन धावते, पुली कुरकुरतात, आणि तिकडे हात पडतो. गाडी यायला अजून वेळ असतो. म्हणजे हे सगळं शांततेत, पक्ष्यांच्या आवाजात ऐकायला मिळतं. वाफेचं इंजिन आलं की तेही आवाज करतं, पण तोपर्यंत आपलं काम झालेलं असतं. गाडी येते, ड्रायव्हर आणि सिग्नलमन टोकनची देवाणघेवाण करतात, आपल्याकडे छोट्या स्टेशनांवर फायरमन हात बाहेर काढून टोकनची रिंग झेलायचा ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि गाडी सुटल्यावर लगेच निघू नका. सगळे लोक इंजिनाच्या मागे मान वळवून बघत असतात आणि तेवढ्यात मागे सिग्नलमन लिव्हर परत टाकतो, तार सैल पडते आणि वजनाने हात वर जाऊन दणकन आडवा होतो. हा आवाज पडण्याच्या आवाजापेक्षा मोठा असतो. श्रूझबरीत मला हा एकदाही नीट ऐकायला मिळाला नाही.

हेरिटेजला नावं ठेवणारे म्हणतात की हे सगळं खेळणं आहे, ताशी पंचवीस मैलांची गाडी, जुन्या पद्धतीचे कपडे घालून हौशी लोक, चहा-केकची दुकानं, मधूनच एखाद्या सणाच्या नावाखाली तुफान गर्दी. गर्दीचं खरं आहे, वाफेच्या इंजिनांचा मोठा मेळा असेल त्या दिवशी आर्लीलासुद्धा जाऊ नका, फलाटाच्या टोकाला तिपाया लावून माणसं उभी असतात आणि सिग्नलमध्ये कोणालाच रस नसतो. पण खेळणं हे मला पटत नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा इथे मोठा रेल्वे अपघात झाला, त्यानंतर ब्लॉक (लाईनच्या एका भागात एका वेळी एकच गाडी) आणि इंटरलॉकिंग कायद्यानेच सक्तीचं झालं, आणि आर्लीच्या केबिनमध्ये लिव्हर ओढणारा माणूस पगारी नसला तरी त्याच पद्धतीने काम करतो, प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन. गाडीत खरी माणसं बसलेली असतात. शिवाय गंमत म्हणजे आर्लीची केबिन मुळात यॉर्टनची, म्हणजे श्रूझबरी ते क्रू लाईनवरची. चालू लाईनवरून जे निघतं त्यातलं बरंच असंच हेरिटेजवर येऊन उभं राहतं. स्कारबरोचा फॉल्सग्रेव्हचा १९११ चा मोठा गँट्री सिग्नल, म्हणजे रुळांवरून आडव्या गेलेल्या सांगाड्यावरचे हात, २०१० मध्ये काढला, तो आता नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेवर ग्रॉसमंटला आहे. त्यामुळे एक खरं आणि दुसरं खोटं अशी रेघ मारणं मला तरी जमत नाही.

तोटे आहेतच. आर्लीला दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, लहान मुलं कंटाळतात (नदीवरच्या पुलावरून पलीकडे गावात जाता येतं, आणि थोडं चाललात तर जॉन फाउलरचा १८६१ चा लोखंडी व्हिक्टोरिया ब्रिज आहे, तेवढ्यात वेळ जातो). हिवाळ्यात गाड्या रोज नसतात, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक बघाच. श्रूझबरीत हा प्रश्न नाही, कधीही जा, कुठला तरी हात हलणारच. ज्यांना फोटोच काढायचेत, किंवा ती १८० लिव्हरची केबिन बघायचीच आहे म्हणजे आहे, त्यांनी खुशाल तिकडे जावं, बर्मिंगहॅमहून तासाभरात पोचाल. आणि ज्यांना वर उचलले जाणारे हात हवेत त्यांना दोन्हीकडे निराशाच, त्यांनी सरळ सेटल-कार्लाइल लाईन गाठावी, हेलिफील्डपासून सुरुवात करा.

तरी कोणी अगदीच कोड्यात पडला असेल तर मी किडरमिन्स्टरचं तिकीट काढ म्हणतो, आणि त्याला एक व्यवहारी कारणही आहे. बर्मिंगहॅमच्या मूर स्ट्रीट किंवा स्नो हिलहून किडरमिन्स्टरला जाणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच पुढे ड्रॉइटविच आणि वूस्टरला जातात. हेरिटेजचं स्टेशन मोठ्या स्टेशनच्या शेजारीच आहे, चालत दोन मिनिटं. म्हणजे सकाळी आर्ली करायचं, दुपारी किडरमिन्स्टरला परत येऊन पुढची गाडी पकडायची, आणि ड्रॉइटविच आणि वूस्टर श्रब हिलला चालू लाईनवरचे खाली पडणारे हात बघून घ्यायचे. श्रब हिल हे तसं निवांत स्टेशन आहे, दोन गाड्यांच्या मध्ये बऱ्यापैकी शांत असतं, आणि फलाटावरची फरशांनी मढवलेली जुनी व्हिक्टोरियन वेटिंग रूमही बघण्यासारखी आहे. संध्याकाळी तिथूनच थेट बर्मिंगहॅमची गाडी मिळते, फक्त ती श्रब हिलहून आहे की फोरगेट स्ट्रीटहून ते आधी बघून ठेवा, दोन्ही स्टेशनं वूस्टरचीच असली तरी मध्ये चांगलं पंधरा मिनिटांचं चालणं आहे.