फ्रेमवर्क लॅपटॉप १३ : तीन वर्षांच्या वापरानंतर

माझ्या आधीच्या लॅपटॉपची बॅटरी चौथ्या वर्षी फुगली आणि तिच्या दाबाने टचपॅड वर उचलला गेला. त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात मला सांगण्यात आले, की बॅटरी वरच्या आवरणाला चिकटवलेली असल्यामुळे कीबोर्डसह ते संपूर्ण आवरणच बदलावे लागेल. त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळपास निम्मा होता. रॅम मुख्य सर्किट बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की बसवलेली, असल्याने ती वाढवण्याचीही सोय नव्हती. पडदा, प्रोसेसर, कीबोर्ड सगळे धडधाकट असताना केवळ एका बॅटरीपायी यंत्र भंगारात काढायचे, हे मनाला पटेना. ज्याचे भाग वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात असे लॅपटॉप फ्रेमवर्क ही कंपनी बनवते. मी नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो आणि तिथे तिची विक्री तेव्हा सुरू झालेली होती. म्हणून २०२२ च्या शेवटी इंटेलच्या बाराव्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप १३ सुट्या भागांच्या स्वरूपात मागवला.

ही कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. आभासी वास्तवाचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसमध्ये काम केलेल्या निरव पटेल यांनी ती स्थापन केली आणि २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप बाजारात आणला. सुट्या भागांचा संच घेतल्यास रॅम, एसएसडी आणि ऑपरेटिंग सिस्टीम आपली आपण आणता येते, त्यामुळे विंडोजचा परवाना गळ्यात पडत नाही. मी सुरुवातीपासून फेडोरा ही लिनक्सची मोफत प्रणाली वापरतो. उबंटू आणि फेडोरा या दोन्ही लिनक्स प्रणालींना कंपनीचा अधिकृत पाठिंबा आहे.

यंत्र उघडण्याचा अनुभव सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण या लॅपटॉपचे सगळे मोठेपण त्यातच आहे. खालच्या बाजूला पाच स्क्रू आहेत. ते सैल केले तरी निघून पडत नाहीत, आपापल्या जागीच अडकून राहतात. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर काम करतानाही एखादा स्क्रू हरवण्याची भीती नसते. लागणारा स्क्रूड्रायव्हर खोक्यातच मिळतो. मग लॅपटॉप सरळ करून कीबोर्डाचे आवरण उचलले, की ते लोहचुंबकावर बसवलेल्या झाकणासारखे अलगद सुटते. आत प्रत्येक भागावर त्याचे नाव आणि क्यूआर कोड छापलेला असतो. तो फोनने टिपला, की तो भाग बदलण्याची सचित्र कृती समोर येते. पडद्याभोवतीची चौकटही चुंबकाचीच आहे. उपकरणे उघडून ती दुरुस्तीला किती सोपी आहेत हे तपासणाऱ्या आयफिक्सिटने या लॅपटॉपला दुरुस्तीयोग्यतेसाठी दहापैकी दहा गुण दिले, त्याचे मला यंत्र उघडल्यावर मुळीच आश्चर्य वाटले नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या हातून कीबोर्डावर दुधाचा चहा सांडला. चार-पाच कळा चिकटल्या आणि एक कायमची गेली. मी नवे आवरण मागवले आणि ते आल्यावर मुलीला शेजारी बसवून तिच्याच हातून बॅटरीचा जोड सोडवून घेतला. आवरण बदलून लॅपटॉप पुन्हा सुरू होईपर्यंत दहा मिनिटेही लागली नाहीत. मात्र आवरण तेच ठेवून नुसता कीबोर्ड बदलायचा असेल, तर डझनावारी बारीक स्क्रू काढावे लागतात. तो पर्याय स्वस्त पडतो, पण त्यासाठी एक निवांत दुपार राखून ठेवावी.

कडेचे चार कप्पे हे या यंत्राचे सर्वांत जास्त दाखवले जाणारे वैशिष्ट्य. त्यांत यूएसबी-सी, यूएसबी-ए, एचडीएमआय, मेमरी कार्ड, नेटवर्क केबल यांपैकी हवी ती कार्डे सरकवून बसवता येतात. कार्यालयात सादरीकरण असेल त्या दिवशी एचडीएमआय आणि एरवी तिथे दुसरे काही, ही सोय खरीच आहे. तरी पहिल्या उत्साहानंतर माझी तीन कार्डे जागची हललेली नाहीत. शिवाय चारही कप्पे सारखे काम करीत नाहीत. मी पुढे बसवलेल्या एएमडीच्या बोर्डावर यूएसबी ४ ही वेगवान जोडणी फक्त मागच्या दोन कप्प्यांत मिळते आणि कोणते कार्ड कुठे लावले यावर बॅटरीचा खपही काही अंशी ठरतो. घेण्यापूर्वी ते कोष्टक नीट वाचावे.

आता हिशेबाचा भाग, कारण ‘पुढे अपग्रेड करता येईल’ या आशेवर बरेच जण हा लॅपटॉप घेतात. २०२४ च्या वसंतात मी माझ्या लॅपटॉपमध्ये एएमडीच्या रायझन ७०४० मालिकेचा प्रोसेसर असलेला बोर्ड बसवला. काम तासाभरात झाले; त्यात कसोटी लागली ती फक्त वायफायच्या अँटेनाची टोके बसवताना, कारण ती मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतात आणि नीट समोरासमोर आल्याशिवाय दाबली तर वाकतात. वेग वाढला, पंख्याचा आवाज कमी झाला आणि बॅटरीही जास्त वेळ पुरू लागली. पण या बोर्डांची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत रायझन ५ साठी ४४९ डॉलर आणि रायझन ७ साठी ६९९ डॉलर होती, आणि जुन्या बोर्डाची डीडीआर४ रॅम नव्यात चालत नसल्याने डीडीआर५ रॅम वेगळी घ्यावी लागली. सगळे मिळून जो आकडा होतो, त्यात दुसऱ्या एखाद्या कंपनीचा मध्यम प्रतीचा संपूर्ण नवा लॅपटॉप येऊ शकतो. पडदा, आवरण, बॅटरी, चार्जर वाचले हे खरे; मात्र पैसे वाचले असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. अपग्रेडची जेवढी चर्चा होते तेवढा त्यात नफा नाही. नफा आहे तो दुरुस्तीत, आणि तो फार मोठा आहे, हे माझे ठाम मत आहे.

उणिवा इतरही आहेत. सुरुवातीच्या लॅपटॉपचे स्पीकर क्षीण होते आणि बिजागऱ्या सैल. कंपनीने पुढे मोठ्या आवाजाचे स्पीकर आणि अधिक घट्ट बिजागऱ्या आणल्या, आणि त्या जुन्या यंत्रातही बसतात. ५५ वॉट-तासांच्या मूळ बॅटरीच्या जागी ६१ वॉट-तासांची बॅटरीही तशीच बसते. २०२४ मध्ये आलेल्या २.८के पडद्याचे कोपरे गोलाकार आहेत, कारण तो मुळात दुसऱ्या कोणासाठी बनवलेला होता. लहान कंपनीला स्वतःपुरता पडदा घडवून घेणे परवडत नाही. मला अधिक गंभीर वाटते ती फर्मवेअरची, म्हणजे यंत्राच्या भागांतच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरची, बाब. जुन्या इंटेल बोर्डांसाठी बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) सुधारित आवृत्त्या द्यायला कंपनीने फार उशीर लावला, त्यावर ग्राहकांनी उघड टीका केली आणि कंपनीला तिची दखल घ्यावी लागली. हातात स्क्रूड्रायव्हर असला तरी फर्मवेअर आपल्याला दुरुस्त करता येत नाही, तिथे पुन्हा कंपनीच्या तोंडाकडेच पाहावे लागते.

सुट्या भागांच्या कल्पनेवर याआधी मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. गुगलने प्रोजेक्ट आरा हा सुटे भाग जोडून बनणारा फोन २०१६ मध्ये गुंडाळला आणि एलजीने त्याच वर्षी जी५ या फोनबरोबर आणलेले जोड-भाग पुढच्याच वर्षीच्या फोनला लागू राहिले नाहीत. फ्रेमवर्कने निदान १३ इंची लॅपटॉपच्या बाबतीत २०२१ च्या सांगाड्यात २०२५ चा बोर्ड बसेल हे करून दाखवले आहे. तरीही त्याच कंपनीने २०२५ मध्ये आणलेल्या डेस्कटॉपमध्ये, एएमडीच्या त्या प्रोसेसरला लागणाऱ्या मेमरीच्या वेगापायी, रॅम सोल्डर केलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक प्रसंग. मागच्या सुट्टीत मी हा लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांना दाखवला. त्यांनी आवरण उचलून बराच वेळ आत पाहिले, स्क्रू जागचे सुटत नाहीत हे बोटाने तपासले आणि म्हणाले, “साहेब, काम करायला सोन्यासारखं आहे. पण ह्याचा बोर्ड गेला तर मी आणू कुठून?” रॅम आणि एसएसडी प्रमाणित आकाराच्या असल्याने त्यांच्या दुकानात सहज मिळाल्या असत्या, बोर्ड, बॅटरी, पडदा मात्र कंपनीकडूनच यावे लागतात आणि पहिल्या काही वर्षांत कंपनीने ज्या देशांत विक्री सुरू केली, त्यांत भारत नव्हता. ज्यांच्याकडे असे कोणी परदेशातून येणारे-जाणारे नाही, त्यांनी लेनोवोच्या थिंकपॅडच्या टी मालिकेतला जुना पण सुस्थितीतला लॅपटॉप घ्यावा असे मी सुचवीन. २०१८ च्या टी४८० ची मागची बॅटरी बाहेरूनच निघते, रॅम बदलता येते आणि त्याचे भाग आपल्याकडच्या बाजारात मिळतात.

मी काढलेला बाराव्या पिढीचा बोर्ड अजून कामात आहे. हा बोर्ड लॅपटॉपबाहेरही स्वतंत्रपणे चालतो आणि त्यासाठी कूलर मास्टरने बनवलेली पेटी मिळते. त्या पेटीत बसवून तो मी नाशिकला वडिलांच्या टीव्हीला जोडून दिला. ते त्यावर बँकेची कामे करतात आणि वर्तमानपत्रे वाचतात. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी २०२५ चा नवा बोर्ड मी घेणार नाही. बॅटरी मात्र आता थकली आहे. तिच्या जागी ६१ वॉट-तासांची मागवली असून ती पुढच्या आठवड्यात यायची आहे.