नव्या वकिलांसाठीचं आचारसंहिता प्रशिक्षण: कोकणातल्या तालुका कोर्टांत वापरून पाहिल्यावर

सनद हातात आली, ऑल इंडिया बार परीक्षा सुटली, की वकिलीची आचारसंहिता येते असा आपल्याकडे समज आहे. त्या परीक्षेत १०० पैकी ४ प्रश्न या विषयावर असतात, आणि बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) सोबत नेता येतो. म्हणून चेंबरमधल्या ज्युनियरांना संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग आणि मधूनमधून शनिवारची प्रत्यक्ष बैठक अशा स्वरूपाचं एक प्रशिक्षण करायला लावलं. त्याला आता बरेच महिने झाले. रत्नागिरी, लांजा, राजापूर इथल्या रोजच्या कामात त्यातलं काय टिकलं आणि काय वहीतच राहिलं, ते लिहितो आहे.

सगळ्यात कामाचं निघालं ते हिशेबाचं सत्र. खरं तर हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक टाळतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत (भाग ६, प्रकरण २) नियम २५ सांगतो, की पक्षकाराच्या पैशांचा तारीखवार हिशेब ठेवा. नियम २६ त्याच्या पुढे जातो: आलेली रक्कम फीची की खर्चाची ते नोंदवा, आणि पक्षकाराची लेखी संमती असल्याशिवाय खर्चाचे पैसे फीकडे वळवू नका. इथे होतं काय, पक्षकार ठाण्याहून यूपीआयने १०,००० रुपये पाठवतो आणि शेरा लिहितो ‘केस’. त्यातले फीचे किती, कोर्ट फी स्टॅम्प, नकला, मोजणी यांचे किती, हे दोघांच्याही डोक्यात वेगवेगळं असतं. वर्षभराने निकाल विरुद्ध गेला, की त्या एका शब्दावरून तक्रार उभी राहते.

प्रशिक्षणात दिलेला नमुना साधा आहे: तारीख, दाव्याचा नंबर, पैसे कोणाकडून आले, कसे आले, फी, खर्च, शिल्लक. आम्ही त्यात दोन बदल केले. पक्षकाराला दोन वेगळे व्यवहार करायला सांगायचं, ७,००० ‘फी’ आणि ३,००० ‘खर्च’. आणि खर्चाची पावती त्याच दिवशी मोबाईलवर पाठवायची. आता ‘माझ्या पैशांचं काय झालं’ असा फोन येत नाही. हिशेबाची नक्कल मागितली तर द्यावी लागते (नियम ३०), ती दोन मिनिटांत निघते.

दुसरा उपयोगी भाग सूचना कोणाकडून घ्यायच्या याचा. नियम १९ प्रमाणे पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस सोडून इतरांच्या सूचनेवर वकिलाने काम करायचं नाही. कोकणात हा नियम रोज मोडतो, आणि मोडतोय हे कोणाला जाणवतही नाही. जमिनीचा मालक मुंबईला. कागद घेऊन येतो त्याचा चुलत भाऊ, पैसे देतो गावातला कोणी ‘भाऊ’, तडजोड करा म्हणतो तिसराच. वकीलपत्रावर सही मात्र गणपतीत येऊन गेलेल्या चाकरमान्याची. प्रशिक्षणाने इथे नेमका उपाय दिला: पहिल्याच दिवशी एक पानी पत्र, त्यात कागद कोण आणेल, पैसे कोण देईल आणि निर्णय कोण घेईल हे तीन प्रश्न वेगवेगळे. निर्णय घेणारा पक्षकार सोडून दुसरा असेल तर मुखत्यारपत्र हवंच. तडजोडीसाठी तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ मध्ये लेखी आणि पक्षकारांनी सही केलेला करार म्हटलं आहे. शिवाय पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचा हक्क सोडून देणारी कबुली वकिलाने देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. ‘भाऊंनी सांगितलं म्हणून पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली’ हे उत्तर कुठेही चालत नाही.

जिथे प्रशिक्षण सपशेल उणं पडलं तो विषय हितसंबंधांच्या संघर्षाचा. उदाहरणं सगळी कंपन्यांची, संचालक-भागधारकांची. सावंतवाडी नाहीतर देवरुखच्या नव्या वकिलाला कंपनी कधी भेटणार? त्याला भेटतो तो एक सातबारा, त्यावर चार पिढ्यांचे सामायिक हिस्सेदार, आणि वाटपाच्या दाव्यात एकाच वकीलपत्रावर सह्या करणारी सगळी भावकी. सुरुवातीला सगळे एका बाजूला असतात. मोजणी आली, रस्त्यालगतचा तुकडा कोणाला यावर फाटलं, की तोच वकील दोघांच्या मध्ये सापडतो. नियम ३३ नुसार ज्याला सल्ला दिला किंवा ज्याचा मसुदा केला, त्याच्या विरुद्ध बाजूने त्या कामात उभं राहता येत नाही. बाजारात उभ्या उभ्या ‘बघा जरा हा फेरफार’ म्हणून दाखवलेला कागदही इथे अडचणीत आणू शकतो.

यावर आम्ही जे सुरू केलं ते प्रशिक्षणात नव्हतं, पण असायला हवं होतं. संघर्ष तपासायची नोंदवही पक्षकाराच्या नावाने लावून इथे काही उपयोग नाही. एका वाडीत एकाच नावाआडनावाची तीन माणसं सहज निघतात. नोंद लावायची गाव, सर्व्हे किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबर या क्रमाने. नवीन माणूस आला की आधी सातबारा मागायचा, नंबर वहीत शोधायचा, मग बोलायला बसायचं. एकत्र वकीलपत्र घेतलंच, तर ‘हितसंबंध वेगळे झाल्यास सर्वांना वेगळे वकील नेमावे लागतील’ एवढं वाक्य सर्वांच्या सहीने घ्यायचं.

फीच्या सत्रात नियम २० नीट समजावला होता: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायचा नाही. पण ‘जमीन सुटली की दोन गुंठे तुमचे’ हा प्रस्ताव इथे पक्षकार स्वतःहून, प्रेमाने ठेवतो. महामार्गाच्या भूसंपादनाच्या मोबदल्यात टक्केवारीची बोलणी झाली तीही अशीच. नियमाला प्रस्ताव कोणी ठेवला याच्याशी देणंघेणं नाही, हे शिकवणाऱ्यांनी ठासून सांगायला हवं होतं.

जाहिरातबंदीच्या तासाला १९७५ चा दाभोळकर निकाल आलाच. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात अशील ओढणाऱ्या वकिलांचा तो प्रसंग ऐकायला रंजक आहे. आमच्याकडचा दलाल मात्र दारात झोंबाझोंबी करत नाही. तो तहसीलच्या आवारात चहा पाजतो. आणि जाहिरात लागते गावच्या क्रिकेट स्पर्धेच्या फलकावर, ‘शुभेच्छुक: अ‍ॅड. अमुक, जमीनविषयक तज्ज्ञ’. नियम ३६ नुसार पाटीवरसुद्धा विशिष्ट कामाचं विशेषज्ञत्व लिहिता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, संपर्क, सनद नंबर, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. ती सवलत संकेतस्थळापुरती आहे, फलकाला ती लागू होत नाही. हा फरक ज्युनियरांना पक्का कळला, हे प्रशिक्षणाचं श्रेय.

काम सोडण्याबद्दलचा भागही चांगला होता. पक्षकार फिरकत नाही म्हणून तारखेच्या सकाळी ‘नो इन्स्ट्रक्शन’ची (पक्षकाराकडून सूचना नाहीत अशी) पुरसीस टाकून मोकळं व्हायची सवय तालुक्याला सर्रास आहे. सिव्हिल मॅन्युअलप्रमाणे (दिवाणी कोर्टांसाठीचं उच्च न्यायालयाचं नियमपुस्तक) सुनावणीच्या किमान ७ दिवस आधी पक्षकाराला लेखी नोटीस हवी आणि तिची पोच कोर्टापुढे ठेवायला हवी. कागद अडवून ठेवायचा तर प्रश्नच नाही: फी थकली म्हणून फाइलवर ताबा सांगता येत नाही, असं आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्ये ठरलं. फीसाठी वेगळा दावा करा, फाइल द्या.

नोट्स मात्र जुन्या. गोपनीयतेसाठी अजून १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२६ छापलं आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि वकिलाचा कारकून, दुभाषाही त्यात येतात. झेरॉक्सच्या दुकानात पडून राहणाऱ्या कागदांवर आणि कारकुनाच्या मोबाईलमधल्या फोटोंवर अवाक्षर नाही. पोशाखावर मात्र अख्खा एक तास! तालुका कोर्टात गाऊन ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, एवढं सांगून पुढे जाता आलं असतं. वकिलाविरुद्धच्या तक्रारीची प्रक्रिया (अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३५, राज्य बार कौन्सिलची तीन सदस्यांची समिती, ६० दिवसांत अपील) आटोपशीर झाली.

हे प्रशिक्षण घ्यायचं असेल तर नमुन्यांच्या फाइल्स पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्या, नंतर लिंक बंद होते. आणि मे महिन्यातली बॅच टाळा. कोर्टाला सुट्टी असते, पण मुंबईकर तेव्हाच गावी येतो, आणि वरची सगळी पत्रं, संमत्या, मुखत्यारपत्रं त्याच चार आठवड्यांत सही करून घ्यायची असतात.