युवॉरीचा पास की नव्या मालकाचं पार्क?

आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी-मॉरिसव्हिल भागात आपल्या लोकांच्या दारात हल्ली रँग्लर आणि ब्रॉन्को, म्हणजे डोंगरदगडांत चालवायच्या जीपगाड्या, बऱ्याच दिसतात. त्यातल्या बहुतेक कॉस्टकोच्या पार्किंगच्या पुढे गेलेल्या नाहीत. पण ज्यांनी पस्तीस इंची टायर घातलेत, दगड लागू नयेत म्हणून खाली स्लायडर लावून घेतलेत, त्यांचा एक प्रश्न दर मार्चमध्ये ठरलेला असतो : दगडांवर गाडी चढवायला जायचं, तर वर्षाचे पैसे कुठे भरायचे? दीड-पावणेदोन तासांवरच्या युवॉरीच्या सरकारी जंगलात, की तीन तासांवरच्या त्या खाजगी रॉक पार्कमध्ये, जिथे आता नवीन व्यवस्थापन आलंय?

दोन्हीकडे मी पैसे भरून झालेत. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि तिथली माणसं मनाने चांगली आहेत. चाकांना लॉकर कुठले, गाडीला लिफ्ट किती, असल्या सामानाच्या चर्चेतही शिरत नाही. इथवर वाचलंत म्हणजे ते तुम्हाला माहीत असणार.

पार्कबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं पुष्कळ आहे. जुने मालक म्हणजे एक आजोबा. फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे, पायाशी कुत्रा. गाडीच्या खिडकीतून रोख पैसे घ्यायचे आणि झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला नकाशा हातात द्यायचे. शौचालय होतं, पण बायको एकदा आत जाऊन आली आणि त्यानंतर वाटेतल्या पेट्रोल पंपावर थांबल्याशिवाय तिने मला पुढे जाऊ दिलं नाही. नव्या लोकांनी पहिल्या सहा महिन्यांत हे सगळं बदललं. स्वच्छ, गरम पाण्याची न्हाणीघरं आली. फाटकापाशी हवा भरायचे पाइप आले, त्यामुळे दगडांसाठी कमी केलेली टायरमधली हवा बारा पीएसआयवरून पुन्हा पस्तीसवर न्यायला माझ्या लहानशा कॉम्प्रेसरपुढे पाऊण तास उकिडवं बसणं थांबलं. गाडी धुवायला जागा झाली. जबाबदारीचा कागद आदल्या रात्री घरूनच फोनवर सही करून पाठवता येतो. शनिवारी नवशिक्यांना वाट दाखवायला एक माणूस सोबत देतात, तेही वेगळे पैसे न घेता. तिकीट वाढलं, पण ते वाढणारच होतं, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

दगडही पार्कमध्ये जास्त. यंत्राने ओढून घळीत एकापुढे एक रचलेले मोठाले धोंडे आहेत, तासाभरात मन भरतं. युवॉरीत तसं नाही. तिथे सगळे मिळून सुमारे १७ मैलांचे रस्ते, त्यात खरे दगड ठरावीक ठिकाणी, आणि मधे पिडमाँटची, म्हणजे इथल्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्याची, लाल माती. ही माती कोरडी असेल तर धूळ, ओली असेल तर साबण. पावसानंतरच्या सकाळी तिथल्या डिकी बेल नावाच्या वाटेवर माझी गाडी एकदा ब्रेक दाबलेला असतानाही शांतपणे, जणू काही घाई नाही अशी, आडवी होत खाली आली होती. तेव्हा निव्वळ दगड हवे असतील तर पार्क पुढे आहे, हे मान्य करायला हवं.

पण युवॉरीत कोडॅक रॉक ही दगडांची चढण आहे. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवसाचा पास ५ डॉलरचा होता आणि माझ्याकडे स्पॉटर म्हणून, म्हणजे बाहेर उभं राहून चाक कुठे टाकायचं ते सांगायला, बायको होती. ती दगडावर उभी राहून ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून ओरडत होती आणि मला कळेना की तिचं डावं की माझं डावं. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी दाढीवाल्याने शेवटी तिला बाजूला घेऊन शिकवलं की डावं-उजवं म्हणायचंच नाही, ‘ड्रायव्हर’ आणि ‘पॅसेंजर’ म्हणायचं, म्हणजे स्टिअरिंग कोणाच्या बाजूला वळवायचं ते कळतं. पुढची दहा मिनिटं दोघांनी मिळून मला इंच इंच वर चढवलं. आज ती माझ्यापेक्षा चांगली लाइन, म्हणजे दगडांतून चाकं न्यायचा मार्ग, बघते. हे पार्कमध्येही घडलं असतं, नाही असं नाही. पण घडलं युवॉरीत, आणि असल्या गोष्टी पास काढताना मनात येतातच.

आता त्या कुरकुरीकडे येतो, कारण माझ्यापुरता निकाल तिनेच लावला.

आजोबांच्या काळी पार्कमधल्या वाटांना नुसते नंबर होते. झाडावर पिवळी पत्र्याची पाटी, त्यावर काळ्या रंगात आकडा. नव्या व्यवस्थापनाला ते कोरडं वाटलं असावं. त्यांनी सगळ्या वाटांचं बारसं केलं. साप, अस्वलं, वादळं, बंदुका, असली नावं. नवा रंगीत नकाशा छापला, फोनवरही दिला. दिसायला देखणा आहे. फक्त झाडांवरच्या पाट्या बदलायचं काम अर्ध्यात राहिलं. काही ठिकाणी नवी पाटी, काही ठिकाणी जुना नंबर, आणि काही ठिकाणी खोडाला नुसती खिळ्यांची दोन भोकं.

ऑक्टोबरातला शनिवार. दुपारचे तीन वाजले असतील. एका पायरीवर मी जरा जास्तच पाय दिला आणि टाय रॉड, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, वाकला. चूक माझीच. पुढची चाकं एकमेकांकडे बघायला लागली, गाडी ना पुढे ना मागे. मुलगा मागच्या सीटवर. सोबतच्या मित्राची गाडी वाट चुकून भलत्याच घळीत गेलेली, हेही त्याच नकाशाच्या कृपेने. रेडिओवर ऑफिसला बोलावलं. ऑफिसातल्या पोराने विचारलं, कुठे आहात? मी समोरच्या झाडावरचा आकडा वाचला : चौदा. तो म्हणाला, चौदा असं काही नाही, नाव सांगा. नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. फोनवरच्या नकाशात निळा ठिपका दोन वाटांच्या बरोबर मधोमध. मी अंदाजाने एक नाव सांगितलं. मदतीचा माणूस त्या नावाच्या वाटेवर टोकापासून टोकापर्यंत जाऊन परत आला. आम्ही तिथे नव्हतोच.

शेवटी रेडिओवर एक जुना गडी मधेच बोलला. ‘चौदा म्हणजे ओढ्यामागची ना? आलो.’ तो स्वतःच्या गाडीतला सुटा टाय रॉड घेऊन आला, बसवून दिला, आणि पैसे विचारले तर हसला. पण तोवर दोन तास गेले होते. पोराने घरचा चिवडा संपवला होता, उरलेले शेंगदाणेही मोजून खाल्ले होते, आणि घळीत अंधार उतरायला लागला होता. नवीन न्हाणीघरात त्या संध्याकाळी गरम पाणी होतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

नाव बदलणं वाईट नाही. २०१८मध्ये मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं, आणि तरी माझा मामा आजही एल्फिन्स्टनला उतरतो. पण तिथे निदान फलाटावर प्रभादेवी लिहिलेलं तरी आहे. डोंगरात गाडी मोडते तेव्हा वाटेचं नाव ही सजावट उरत नाही. पाटीवर, नकाशात आणि ऑफिसातल्या माणसाच्या तोंडी एकच शब्द असला, तर तुम्ही कुठे आहात ते कळतं. युवॉरीत ही एक गोष्ट साधी आहे. डॅनियल वाट म्हणजे डॅनियल, डच जॉन म्हणजे डच जॉन. मी जातोय तेव्हापासून ती नावं तशीच आहेत, आणि जुन्या-नव्या सगळ्यांच्या तोंडी तीच आहेत. मदतीला पगारी माणूस नाही, हे खरं. पण आवाज दिला तर ऐकणाऱ्याला कळतं की कुठे यायचं.

यावर कोणी म्हणेल, पाट्या काय, आज ना उद्या लावतील. लावतीलही. मी शेवटचा गेलो तेव्हा आणखी काही लागल्या होत्या. कदाचित तुम्ही जाल तोवर सगळ्या झाल्या असतील आणि माझं हे सगळं रडगाणं शिळं झालं असेल.

सरकारी जागा म्हणजे कायमची, असंही मी म्हणणार नाही. इथल्या जुन्या लोकांसमोर टेलिकोचं नाव काढून बघा. नांटहालाच्या जंगलातलं अप्पर टेलिको, पूर्वेकडच्या दगडवाल्यांची पंढरीच म्हणा. वाटांवरची माती धुपून ट्राउट माशांच्या ओढ्यात जाते म्हणून वनखात्याने २००९ साली ते गाड्यांना बंद केलं. मासे बिचारे काही बोलले नाहीत, पण त्यांची बाजू खरी होती. खाजगी पार्क मालकाच्या मनावर चालतं आणि सरकारी जंगल गाळावर. युवॉरीत पावसात नवीन पायवाटा पाडत फिरू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यामुळेच. चिखलात बगल देऊन काढलेली प्रत्येक नवी वाट शेवटी कोणाच्या तरी फाइलीत जाते.

युवॉरीची खरी अडचण हिवाळा. १५ डिसेंबर ते १ एप्रिल वाटा बंद, कारण ओल्या मातीला विश्रांती हवी. कॅरोलायनात हेच महिने दगडांवर जायला सगळ्यात छान. झाडांना पानं नाहीत म्हणून लांबचं दिसतं, गोचिड्या कमी, साप बिळात, आणि आपल्याला ख्रिसमसची सुट्टी. पार्क मात्र तेव्हा उघडं.

मग कोणी काय करावं? लहान मुलं असतील, पहिलंच वर्ष असेल, किंवा घरातली मंडळी न्हाणीघर बघून ठरवणार असतील, तर पार्क घ्या, बिनघोर घ्या. शनिवारचा तो वाटाड्या माणूस खरंच चांगला शिकवतो. शार्लटकडे राहत असाल तर अंतराचा हिशेब वेगळा होईल, तो तुमचा तुम्ही करा. पण चार-पाच गाड्यांचा ग्रुप असेल, कोणाकडे तरी अडकलेली गाडी ओढायचं विंच असेल आणि सोबतच्यांपैकी एखाद्याला पाना धरता येत असेल, तर मी आपला युवॉरीकडे झुकतो. तिथल्या ॲरोहेड कॅम्पग्राउंडला तंबू टाकायचा, सकाळी लवकर निघायचं, म्हणजे गर्दीच्या आधी कोडॅकवर पोचता येतं.

मी स्वतः आता हंगामी पास युवॉरीचा काढतो आणि त्या बंद साडेतीन महिन्यांत पार्कचं एका दिवसाचं तिकीट दोन-तीनदा काढतो. एकूण पैसे पार्कच्या वार्षिक पासापेक्षा कमीच जातात.

पार्कला जाताना आजोबांचा तो पुसट नकाशा, लॅमिनेट केलेला, ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो. मुलाने त्यावर प्रत्येक नंबरापुढे लाल पेनाने नवं नाव लिहिलंय, जेवढी सापडली तेवढी. सतराच्या पुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. कोणाला हवा असेल तर फोटो पाठवतो.