कोरडा घसा: गुळण्या, ज्येष्ठमध की मध?

डिसेंबर लागला की पुण्यात आमच्या घरात सगळ्यात आधी माझा घसा बसतो. सदाशिव पेठेत दहावीचे क्लास घेतो, रोज चार-साडेचार तास बोलणं, वर खडूची धूळ, आणि डास चावतात म्हणून ऐन थंडीतही रात्री पंखा फुल्ल, मग काय, सकाळी उठलं की जीभ टाळूला चिकटलेली. घरातल्यांनी सांगितलेले सगळे उपाय करून झालेत, म्हणून लिहितोय.

पहिलं बघा, घसा नुसता कोरडा पडलाय की गिळताना दुखतोय पण? आपल्याकडे दोन्हीला एकच औषध, मिठाच्या गुळण्या. दुखत असेल तर कराच, ग्लासभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, सूज आलेल्या जागेतलं पाणी मीठ ओढून घेतं आणि चिकट कफ सुटतो. पण नुसत्या कोरड्या घशाला जास्त खारट पाणी उलटंच पडतं कारण ओढायला तिथे पाणी आहेच कुठे! मी एकदा जास्त मीठ म्हणजे जास्त गुण असं धरून दोन चमचे घातले आणि क्लासमध्ये दहा मिनिटांत पाण्याची बाटली रिकामी, पोरं हसायला लागली.

कोरड्या घशाला माझं मत ज्येष्ठमधाला. पावडर नको, काडीच घ्या, मंडईच्या आसपास काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळते, बाहेरून मातकट तपकिरी, मोडली की आत पिवळी. पेराएवढा तुकडा गालात धरून ठेवायचा, पहिला मिनिटभर लाकूड चघळतोय असंच वाटतं आणि मग एकदम गोडवा सुटतो (त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या कितीतरी पट गोड असतं), तोंडाला पाणी सुटत राहतं आणि घसा ओला राहतो, बोलता बोलता चालतं हे महत्त्वाचं. पण बीपीवाल्यांनी नाद करू नका, रोज चघळलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, गरोदर बायकांनीही टाळावं. माझी मावशी बीपीची गोळी खाऊन दिवसभर ज्येष्ठमध चघळायची, डॉक्टरांनी काडी आधी बंद करायला लावली.

तिला आता खडीसाखर आणि एक लवंग. लवंगेतल्या युजेनॉलमुळे घसा जरासा बधिर होतो, बरं वाटतं, पण चावली की भाजतं, आणि शुगर असेल तर खडीसाखर बाद.

मध मी रात्रीसाठी ठेवलाय. झोपताना चमचाभर नुसता चाटायचा, वर लगेच पाणी नाही, घशावर थर बसतो आणि कोरडा ठसका थांबतो. 2018 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनेही साध्या खोकल्याला अँटिबायोटिकच्या आधी मध घ्या असंच सांगितलं, म्हणजे आजीचं बरोबर होतं. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, बोट लावूनसुद्धा नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) धोका असतो.

हळदीचं दूध चांगलंय, पण मला वाटतं त्यात आराम गरम दुधाचाच जास्त. वाफ घेतली की अर्धा-एक तास मस्त वाटतं, मग पुन्हा जैसे थे, आणि लहान मुलं घरात असतील तर उकळतं पातेलं जमिनीवर ठेवू नका.

आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल, गिळता येत नसेल किंवा ताप असेल तर हे सगळं सोडून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, तेही विचारून घ्या.

मी यंदा मच्छरदाणी आणली आणि पंखा बंद केला. सकाळी जीभ चिकटत नाही, ज्येष्ठमधाची पुडी महिनाभर तशीच डब्यात पडलीय.