'प्रॉडिजी' की 'द क्लोन वॉर्स': मुलांसाठी आधी कोणती लावावी?

'स्टार ट्रेक' आणि 'स्टार वॉर्स' या दोन्हींची गोडी असलेल्या पालकांपुढे, मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की, एक प्रश्न येतोच: या विश्वांची ओळख त्याला कोणत्या ॲनिमेशन मालिकेतून करून द्यावी? येथे मी मुख्यतः दोनच मालिकांचा विचार केला आहे, 'स्टार वॉर्स'ची २००८ साली सुरू झालेली 'द क्लोन वॉर्स' आणि 'स्टार ट्रेक'ची २०२१ साली आलेली 'प्रॉडिजी'. दोन्ही मी मुलुंडच्या आमच्या घरी, मुलगी आणि तिचा मोठा चुलतभाऊ यांच्यासोबत शेवटपर्यंत पाहिल्या आहेत. त्यामुळे पुढची मते एका घरापुरती आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गुणवत्तेत 'द क्लोन वॉर्स' कोठेही कमी नाही. डेव्ह फिलोनी यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या सात सीझनमध्ये उंबारा ग्रहावरचे चार भाग आहेत, ज्यांत सैनिकांना आपल्याच सेनापतीचा हुकूम पाळावा की नाही हे ठरवावे लागते. जेडाय या योद्ध्यांच्या संघातली तरुण शिष्या असोका टानो हिच्यावर खोटा आळ येऊन ती त्यांना सोडून जाते ते भाग आहेत. आणि २०२० साली आलेले अखेरचे चार भाग तर मूळ चित्रपटांच्या शेजारी बसवावेत असे आहेत. पुतण्याला ही मालिका अतोनात आवडली आणि त्याच्या आवडीला मी पूर्ण मान देतो.

माझ्यासाठी मात्र एका गोष्टीने पारडे फिरवले, ती म्हणजे भागांचा क्रम. ही मालिका ज्या क्रमाने प्रसारित झाली त्या क्रमाने तिची कथा घडत नाही. कालक्रमाने सर्वांत आधीचा प्रसंग दुसऱ्या सीझनच्या सोळाव्या भागात आहे, आणि ज्या चित्रपटाने मालिकेची सुरुवात झाली तो त्याच्याही नंतर येतो. मोठ्या माणसाला याचे फारसे काही वाटत नाही, कारण युद्धाचा शेवट त्याला ठाऊक असतो आणि मधले तुकडे तो मनातल्या मनात जागच्या जागी बसवतो. मुलाचे तसे नसते. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात रिशी नावाच्या चंद्रावरच्या चौकीत काही नवखे क्लोन, म्हणजे एकाच माणसाच्या प्रती म्हणून घडवलेले, सैनिक आहेत, आणि त्यांतला हेवी आपल्या सोबत्यांना वाचवण्यासाठी चौकीसह स्वतःला उडवून देतो. माझी मुलगी त्या रात्री जेवताना एक शब्द बोलली नाही. पुढे बऱ्याच आठवड्यांनी तिसरा सीझन सुरू झाला, आणि पहिल्याच भागात तोच हेवी कामिनोवर, म्हणजे क्लोन जिथे घडवले जातात त्या ग्रहावर, प्रशिक्षण घेताना, सोबत्यांशी भांडताना दिसला. तिला वाटले की तो वाचला असावा. भाग संपला, पुढचा आपोआप सुरू झाला आणि त्यात हेवी कुठे आहे असे विचारणाऱ्या नाइन्टी-नाइनला, म्हणजे कामिनोवरच्या त्याच्या क्लोन मित्राला, तो गेल्याचे सांगितले जाते. हा धक्का कथेने योजून दिलेला असता तर मी त्याचे कौतुकच केले असते. येथे तो निव्वळ मांडणीच्या गोंधळातून आला, आणि त्याची समजूत घालणे माझ्याकडे आले.

कालक्रमाने लावलेली अधिकृत यादी उपलब्ध आहे, हे खरे. परंतु आमच्याकडे टीव्ही एकच, तो आजीच्या मालिका संपल्यावर मुलांना मिळतो. मी लोकल पकडून घरी पोहोचेपर्यंत एखादा भाग सुरूही झालेला असतो. आणि घटक चाचण्या व सहामाही आली की सगळेच महिनाभर थांबते. अशा घरात यादी हातात धरून या सीझनमधून त्या सीझनमध्ये उड्या मारणे फार काळ टिकत नाही.

'प्रॉडिजी' पहिल्या भागापासून सरळ पुढे जाते, आणि माझ्या मते तिचे मोठे बळ याहूनही निराळे आहे. तिच्यातली मुलेच फेडरेशनविषयी, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या ग्रहांच्या संघाविषयी, काही जाणत नाहीत. टार्स लमोरा या खाणवसाहतीतले ते बंदी. त्यांना एकमेकांची भाषा कळू नये म्हणून अनुवादयंत्रेही नाकारलेली. प्रोटोस्टार हे जहाज सापडते, यंत्र सुरू होते आणि दगडी डोंगरासारखी भासणारी रॉक-ताक आठ वर्षांच्या मुलीच्या आवाजात बोलू लागते, तेव्हा माझी मुलगी उठून उभी राहिली. आमच्या इमारतीत खाली खेळणाऱ्या मुलांत तमिळ, गुजराती, मराठी, सगळ्याच घरांतली मुले आहेत. नव्याने आलेल्या मुलाचे बोलणे पहिल्यांदा कळते तो आनंद तिला ओळखीचा होता.

पुढे एका भागात जहाजाच्या वेगवेगळ्या भागांत काळ वेगवेगळ्या गतीने चालू लागतो. त्याची सुरुवात कोल्हा, कोंबडी आणि धान्याचे पोते नदीपार नेण्याच्या कोड्याने होते, म्हणजे आपल्याकडच्या वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याने. आकारामुळे जिला सगळे रखवालदार समजतात ती रॉक-ताक त्या भागात दीर्घकाळ एकटी राहून अभ्यास करते आणि जहाज वाचवते. विज्ञानाची ओढ मुलांना कशी लागते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा भाग मी क्वचितच पाहिला आहे.

उणिवा हिच्यातही आहेत. दुसऱ्या सीझनमध्ये कालप्रवासाची गुंतागुंत वाढते आणि 'व्हॉयेजर' ही जुनी 'स्टार ट्रेक' मालिका न पाहिलेल्याला तिच्यातला जहाजाचा उपकप्तान चाकोटे याच्याविषयीची तळमळ तितकीशी भिडत नाही. 'व्हॉयेजर'चीच कप्तान जेनवे येथे केट मलग्र्यू यांच्या आवाजात दोन रूपांत आहे, एक होलोग्राम आणि एक खरी ॲडमिरल, हे सुरुवातीला समजावून सांगावे लागू शकते. शिवाय २०२३ मध्ये मूळ प्रसारकाने मालिका थांबवली. दुसरा सीझन २०२४ मध्ये दुसरीकडे आला, आणि चाळीस भागांवर गोष्ट थांबली. तरी त्या चाळीस भागांत सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत.

मुलाला 'स्टार वॉर्स'च हवे असेल, तर २०१४ ची 'रेबेल्स' आधी लावणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण तिचे चारही सीझन क्रमाने चालतात. पहिल्या सीझनच्या शेवटी असोका भेटली की तिची पूर्वकथा पाहण्याची इच्छा आपोआप होते. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी २०२३ पासूनची 'यंग जेडाय ॲडव्हेंचर्स' पुरेशी आहे. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलासोबत 'द क्लोन वॉर्स' पाहायचीच असेल, तर किमान एवढे करावे: तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, मग पहिल्याचा पाचवा, आणि त्यानंतर तिसऱ्याचा दुसरा, अशा क्रमाने हेवीची गोष्ट दाखवावी, आणि त्यासाठी आपोआप पुढचा भाग लागण्याची सोय आधी बंद करावी.